टसरच्या कोशातील न बोलावलेला पाहुणा

देवघराच्या खुंटीवर टसरचे सोवळे असणे ही आपल्या घरांतील जुनी रीत होय. रोजच्या पूजेस ते नसले, तरी श्रावणी, महालक्ष्म्या, मुंज अशा प्रसंगी पेटीतून बाहेर निघतेच. त्याचा तो मधासारखा रंग आणि अंगास लागणारा किंचित खरखरीतपणा घरातील लहान मुलांच्याही परिचयाचा असतो. हे वस्त्र आपण निःशंकपणे पवित्र मानतो. परंतु ते कोठे उपजते, कोणाच्या कष्टाने उपजते आणि उपजत असता त्यावर कोणती संकटे येतात, हा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. रेशमी वस्त्रास संस्कृतात ‘कौशेय’ म्हणतात. पाणिनीने हा शब्द ‘कोश’ ह्या शब्दापासूनच साधून दाखविला आहे. अर्थात हा धागा कोशातून निघतो हे आपल्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते. त्या कोशात धनी जिवंत असतानाच शिरून बसणारी आणि शेवटी धन्यासच खाऊन बाहेर पडणारी एक माशी आहे. रेशीमवाल्यांत तिला ‘उझी’ म्हणतात. तिची ओळख करून देणे हा ह्या लेखाचा हेतु.

प्रथम टसरचे माहेर पाहू. महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकास, इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा ह्या तीन नद्यांच्या संगमापाशी भामरागड आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील हा तालुका माडिया लोकांचा आणि दाट पानझडी अरण्याचा. साग, मोह, तेंदू, बांबू ह्यांच्या जोडीने येथे ऐनाचे वृक्ष उभे असतात. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली ह्या झाडाची साल एकदा पाहिली की विसरत नाही. गोंड समाजात ऐनास देवाचे स्थान मानतात. टसरचा किडा, ज्याला शास्त्रज्ञ अँथेरिया मायलिटा म्हणतात, तो मुख्यतः ऐन आणि अर्जुनसादडा ह्या दोन झाडांच्या पाल्यावर वाढतो. तुतीवरील रेशमाचा किडा हजारो वर्षांच्या पाळणुकीने इतका परावलंबी झाला आहे की माणसाने पाला समोर ठेवल्यावाचून त्यास जगता येत नाही. टसरचा किडा मात्र अजून रानचाच आहे. उघड्या झाडावर ऊनपावसात वाढतो आणि फांदीस देठाने टांगलेला टणक कोश विणतो.

हा किडा मुद्दाम पाळण्याचा धंदा जिल्ह्याच्या उत्तरेस, वैनगंगेच्या खोऱ्यात आरमोरीच्या बाजूस, तसेच चंद्रपूर, भंडारा व गोंदिया ह्या भागांत चालतो. हा धंदा परंपरेने ढिवर समाजाचा. एरव्ही मासेमारी करणारे हे लोक हंगामात ऐनाच्या रानात मुक्काम करतात. तिकडे ह्या मालास ‘कोसा’ म्हणतात. अंडी फुटून निघालेल्या बारीक अळ्या झाडावर चढवावयाच्या, एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्यावर न्यावयाच्या, पाखरे हाकलावयाची, मुंग्यांवर नजर ठेवावयाची. सुमारे महिना-दीड महिना हा पहारा करावा लागतो. तेवढ्या काळात अळी चार वेळा कात टाकते, बोटाएवढी जाड व हिरवीगार होते आणि मग कोश करते. नागभीड, आरमोरी, मोहाडी येथील कोष्टी ह्याच धाग्याचे लुगडे विणतात. करवतीच्या दात्यांसारख्या काठाची जी प्रसिद्ध वैदर्भीय साडी, ती ह्याच कोशाची लेक.

आता संकट पाहू. पाळणारा कोश उतरवितो, टोपलीत भरतो, आणि चार दिवसांनी पाहतो तो काही कोशांस बारीक, वाटोळी भोके पडलेली आणि टोपलीच्या तळाशी पांढरट, लठ्ठ, बिनपायाच्या अळ्या वळवळत आहेत. भोक पडले म्हणजे धागा तुटला. अखंड कोशाचा धागा उकळून सलग उकलता येतो. फुटक्या कोशाचा कापसाप्रमाणे कातावा लागतो आणि त्यास भाव कमी येतो. ज्याचे वर्षाचे मीठमिरची ह्या एका-दोन पिकांवर अवलंबून, त्याच्या घरी हे बारीक भोक केवढे मोठे होते हे सांगावयास नको.

येथे ओळखीचा प्रश्न उपस्थित होतो. रानात माश्यांस तोटा नाही. मग अपराधी कोणती? आपल्याकडे माश्यांचे वर्गीकरण नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात माश्यांचे सहा प्रकार नावानिशी सांगितले आहेत. त्यांपैकी एकीचे नाव ‘कान्तारिका’ म्हणजे रानमाशी असे आहे. तेथील विचार दंशाचा व विषाचा आहे. आपल्याला रचनेचा करावयाचा आहे. ओळखीची पहिली पायरी अशी की, खरी माशी द्विपक्ष असते. तिला पंख दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी गदेसारख्या बारीक दोन दांड्या उरलेल्या असतात. उडताना तोल सांभाळणे हे त्यांचे काम. मधमाशी व गांधीलमाशी ह्यांना आपण माशी म्हणतो खरे, पण त्यांना पंख चार. त्यांचे कुळ निराळे.

ही पायरी चुकली की पुढचे सर्व चुकते, आणि टसरच्या रानात ती चुकण्यास भरपूर वाव आहे. कोशास सुई टोचल्यासारखी सोंड टोचून आत अंडे घालणारा, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेला एक सडसडीत कीटक तेथे येतो. त्यास ‘पिवळी माशी’ म्हणतात. परंतु ही माशीच नव्हे. चार पंखांची, बारीक कमरेची ही गांधीलमाशीची भाऊबंद होय, आणि तिचे शास्त्रीय नाव झँथोपिम्पला पेडेटर. ती कोश विणणाऱ्या किंवा विणून संपविलेल्या किड्यास गाठते, म्हणजे अगदी अखेरीस येते. उझी त्याआधीच, अळी पाला खात असतानाच, आपले काम उरकते. म्हणून एकीचा बंदोबस्त दुसरीस लागू पडत नाही.

दुसरी पायरी उझीस इतर माश्यांतून निवडून काढण्याची. घरमाशी साधारण सहासात मिलिमीटर लांब. उझी तिच्याहून चांगलीच मोठी, सुमारे एक सेंटिमीटर किंवा थोडी अधिक. छातीवर काळे उभे पट्टे दोघींसही असतात, म्हणून केवळ पट्ट्यांवर विसंबू नये. पाठीमागून पाहिले असता उझीच्या पोटावर राठ, ताठ केस उभे दिसतात. घरमाशीचे पोट त्यामानाने गुळगुळीत. मग भिंग घ्यावे. माशीच्या तोंडासमोर दोन आखूड शृंगिका असतात व प्रत्येकीवर एक केस. घरमाशीचा हा केस पिसासारखा दोन्ही बाजूंनी फुललेला, उझीचा उघडाबोडका. निळ्याहिरव्या धातूसारखी चकाकणारी माशी दिसली तर ती उझी नव्हे. करड्या छातीवर तीन पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी असलेली मांसमाशी दिसली, तर ती बहुधा मेलेल्या किड्याच्या वासावर आलेली असते. चोर पळून गेल्यावर आलेल्या बघ्यास धरू नये.

शेवटची खूण निर्णायक आहे. माशीच्या छातीच्या मागील टोकास ढालीसारखा एक लहान उंचवटा असतो. उझीच्या कुळात ह्या ढालीच्या खाली आणखी एक फुगीर गादी स्पष्ट दिसते. घरमाशी, निळी माशी, मांसमाशी ह्यांत ती तशी वाढलेली नसते. राठ केस आणि ही गादी अशा दोन साक्षी मिळाल्या, म्हणजे माशी टॅकिनिडी नामक कुळातील, असा निर्वाळा देण्यास हरकत नाही. ह्या कुळात जगभर सुमारे साडेआठ हजार जातींची नोंद झालेली आहे. टसरवर येणारी प्रमुख उझी ती ब्लेफारिपा झेबिना; फ्रान्सिस वॉकर ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४९ साली तिचे जातिनाव ठेविले. तुतीच्या किड्यावरील उझी तिची चुलत बहीण, एक्सोरिस्टा बॉम्बिसिस. ‘उझी’ हा शब्द मात्र जपानी आहे. त्या भाषेत माशीच्या अळीस ‘उजी’ म्हणतात, आणि रेशमाच्या विद्येबरोबर तो जगभर फिरला.

ह्या कुळातील मोठ्या माश्या निरुपद्रवी दिसतात. फुलांतील मध व पानांवरील गोड चिकटा हेच त्यांचे अन्न. हिंसा आहे ती बाल्यावस्थेत. आईने केवळ पिल्लास भक्ष्यापर्यंत पोचवावयाचे. आणि त्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. तुतीची उझी किड्याच्या अंगावरच पांढरट अंडे चिकटवून देते. दोनतीन दिवसांनी आतली अळी त्वचा भेदून शरीरात उतरते. ह्या अंड्याला भिंगाचीही गरज नाही, डोळ्यांस दिसते. दुसरी तऱ्हा फार चतुर आहे. काही जाती धुळीच्या कणाएवढी बारीक अंडी शेकड्यांनी पानांवर टाकतात आणि निघून जातात. किडा पान खातो, त्याबरोबर अंडेही खातो, आणि ते त्याच्या पोटात फुटते. जपानात ह्या प्रकाराचे कोडे पुष्कळ दिवस सुटत नव्हते. किड्यावर अंडे दिसत नसताना आत अळी येते कोठून? चुजिरो सासाकी ह्या जपानी शास्त्रज्ञाने १८८६ च्या सुमारास तुतीच्या पानावरील अंड्यापासून कोशातील अळीपर्यंतचा सर्व मार्ग लावून दाखविला. ती कोवळी अळी प्रथम किड्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन राहते आणि तेथून श्वासरंध्रापाशी येते, असे त्यास आढळले. तिसऱ्या तऱ्हेत माशी अंडी न घालता थेट अळ्याच टाकते. उसाच्या खोडकिड्यावर येणारी स्टर्मिऑप्सिस ही ह्या प्रकारातली. ती पोखरलेल्या भोकाच्या तोंडाशी अळ्या सोडते, पुढचा मार्ग त्यांनी स्वतः शोधावयाचा.

आत गेलेली अळी श्वास कसा घेते? ती आपल्या मागच्या टोकाशी किड्याच्या त्वचेशी अगर श्वासनलिकेशी जोडलेले एक नाळके तयार होऊ देते आणि त्यातून बाहेरची हवा ओढते. गंमत अशी की हे नाळके किड्याच्याच शरीराने बनविलेले असते. परके काहीतरी आत शिरले म्हणून त्याभोवती भिंत घालण्याचा तो प्रयत्न, आणि तीच भिंत शत्रूची खिडकी होते. ह्या जागी बाहेरून काळा डाग दिसतो. तोच पाळणाऱ्याने ओळखावयाचा. अळी आधी मेद खाते, मर्मस्थानांस शेवटपर्यंत धक्का लावीत नाही. त्यामुळे किडा चालतो, खातो, धडधाकटही वाटतो. बांडगूळ झाडाचा रस घेते, पण झाड जगले तरच त्याचा निभाव. ह्या माशीचे तसे नाही. तिचे पोषण पुरे झाले की धन्याचा अंत ठरलेला. केवळ परोपजीवी म्हणण्यापेक्षा तिला परजीवहारी म्हणणे अधिक यथार्थ होईल.

लहानपणी गाठलेला किडा कोश करण्यापूर्वीच मरतो. शेवटच्या अवस्थेत गाठलेला किडा कोश करतो खरा, पण त्यातून पतंग निघत नाही. अळी भोक पाडून बाहेर पडते. पतंगाचे भोक आणि अळीचे भोक ह्यांतील भेदही लक्षात ठेवावा. पतंग देठाकडील टोक लाळेने मऊ करून तंतू बाजूस सारतो. वाट मोठी व मऊ असते. अळीचे भोक लहान व नेटके. बाहेर आलेली अळी जमिनीत शिरते आणि एका दिवसाच्या आत तिच्याभोवती तांबूस-काळे, पिंपासारखे टणक कवच तयार होते. उष्ण दिवसांत दहाबारा दिवसांनी त्यातून माशी निघते. थंडीत हा काळ लांबतो. पावसाळ्याच्या आरंभीच्या पिकापेक्षा हिवाळ्याकडील पिकात उझीचा त्रास अधिक होतो, कारण आधीच्या पिकाची माशी तोवर त्याच रानात वाढून बसलेली असते.

कोणी म्हणेल, औषध फवारा म्हणजे झाले. पण टसरचा किडाही कीटकच. माशी मरेल ते विष किड्यासही मारील. शिवाय ज्या पाल्यावर फवारावयाचे तेच त्याचे ताट. म्हणून येथे विषापेक्षा डोळे अधिक उपयोगी. डाग पडलेले किडे वेळीच वेचून नष्ट करावेत. कोवळ्या अळ्या जाळीखाली वाढवाव्यात. उतरविलेले कोश थेट मातीवर न टाकता अशा जागी ठेवावेत की बाहेर पडलेल्या अळ्यांस जमीन सापडू नये. त्या गोळा करून साबणाच्या किंवा उकळत्या पाण्यात टाकाव्यात. पीक निघाल्यावर झाडांखालची माती उकरून कवचे वेचावीत. ह्या कवचांचाही एक शत्रू आहे. नेसोलिंक्स थायमस नावाचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा चार पंखांचा कीटक कवचात अंडी घालतो आणि माशीऐवजी त्याचीच पिल्ले बाहेर येतात. तुतीच्या उझीविरुद्ध तो मुद्दाम वाढवून सोडतात. चोरावर मोर म्हणतात तो हा!

सर्वांत महत्त्वाची खबरदारी बियाण्याच्या कोशांची. कर्नाटकात तुतीच्या रेशमाचा धंदा जुना, पण उझी तेथे नव्हती. १९८० साली ती बंगळूरच्या परिसरात प्रथम आढळली. बंगालकडून आलेल्या कोशांबरोबर ती आली असे मानतात. एकदा आल्यावर ती दक्षिणेत पसरली आणि आजतागायत गेलेली नाही. अळी कोशात बसून प्रवास करते, तिला तिकीट लागत नाही. म्हणून एका रानाचे बी दुसऱ्या रानात नेताना प्रत्येक कोश तपासणे, हे शंभर उपायांच्या बरोबरीचे आहे.

इतके वाचून ही माशी दुष्ट ठरविण्याचा मोह होईल. तो आवरावा. भामरागडच्या रानात टसरचे किडे झाडाझाडांवर विखुरलेले असतात; माशीस ते शोधावे लागतात, काही सापडतात, बरेच सुटतात. तेथे माशी किड्यांची संख्या मर्यादेत राखते; ती न राखली गेली तर ऐनास पान उरावयाचे नाही. आपण शेकडो किडे एकाच झाडावर आणून ठेवले, तेव्हा माशीच्या दाराशी अन्नछत्र उघडले. वैर निसर्गाने निर्माण केले नाही, गर्दीने केले. आणि हिंसेचेच म्हणाल, तर सलग धागा मिळावा म्हणून आपणही कोशातील जीव उकळत्या पाण्यात मारतो. सोवळे नेसून माशीस क्रूर म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, ह्याचा ज्याने त्याने विचार करावा.

शिवाय ह्याच कुळाचे उपकारही थोडे नाहीत. हरभऱ्याची घाटेअळी, उसाचा खोडकिडा, भाताच्या अळ्या ह्यांवर ह्या कुळातील माश्या येतात आणि शेतकऱ्याकडून एक कवडीही न घेता राखण करतात. फिजी बेटात लेव्हुआना नावाच्या एका लहान पतंगाने नारळीच्या बागा उजाड केल्या होत्या. १९२५ साली मलायातून ह्याच कुळातील एक माशी आणून तेथे सोडली, आणि थोड्याच वर्षांत तो पतंग जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणजे जी माशी आरमोरीच्या रानात वैरीण, तिचीच बहीण फिजीत तारणहार. ‘माशी दिसली की मारावी’ हा नियम अशा वेळी कामाचा नाही. आधी ओळखावी, मग ठरवावे, हाच नियम खरा.

घरातील मुलांना हा सर्व प्रकार भामरागडास न जाताही दाखविता येईल. रस्त्याकडेच्या रुईवर पिवळे-काळे पट्टे असलेल्या सुरवंटासारख्या अळ्या असतात. त्यांपैकी चारपाच, रुईच्या पाल्यासह, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवाव्यात. तोंडास मलमलीचा तुकडा बांधावा, रोज ताजा पाला द्यावा, तळाशी थोडी कोरडी माती घालावी. बरणी हाताळल्यावर हात धुवावेत, कारण रुईचा चीक डोळ्यांस घातक आहे. बहुतेक कोशांतून तांबूस फुलपाखरू निघेल. एखादा कोश मात्र काळवंडेल, त्यातून चिकट तंतू लोंबतील आणि त्या तंतूंवरून अळ्या मातीत उतरतील; पुढे दोन आठवड्यांच्या सुमारास बरणीत फुलपाखराऐवजी राठ केसांच्या माश्या दिसतील. मुले प्रथम हिरमुसतील. त्या वेळी त्यांच्या हाती भिंग द्यावे, पंख मोजावयास सांगावे, शृंगिकेवरचा केस पाहावयास सांगावा, आणि पाठीवरच्या ढालीखाली ती फुगीर गादी सापडते का हे विचारावे. ज्या मुलाला ती स्वतः सापडेल, त्यास पुढे कोणतीही माशी ‘नुसती माशी’ म्हणून दिसणार नाही, अशी आमची खात्री आहे.